नळाची भूमिका

दुसऱ्याचा आत्मविश्वास वाढवावा, अशी इच्छा माणसाला साधारणपणे निवृत्तीनंतर होते. तोवर आपलाच पुरवून पुरवून वापरण्यात आयुष्य गेलेलं असतं. मी बँकेत होतो. तिथे माझा आत्मविश्वास शाखाधिकाऱ्यांच्या केबिनच्या दारापाशी संपायचा आणि पगाराच्या दिवशी थोडा परत यायचा. मात्र 'नाटकातला माणूस' अशी माझी ख्याती होती, म्हणजे मीच ती करून ठेवली होती. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत आमच्या बँकेच्या संघाने एकदा ऐतिहासिक नाटक केलं, त्यात दुसऱ्या अंकात मी खलिता घेऊन यायचो. प्रयोगाच्या रात्री खलिता विंगेतच राहिला आणि मी नुसताच आलो. महाराजांनी माझ्या रिकाम्या हातातून तो घेतला, उलगडला आणि खणखणीत आवाजात वाचून दाखवला. परीक्षकांनी महाराजांना अभिनयाचं प्रमाणपत्र दिलं. त्यात माझा वाटा मोठा आहे, असं मी अजूनही मानतो.

या भांडवलाचा सुगावा एका संस्थेच्या ताईंना लागला. डोंगरउतारावरच्या एका वस्तीत उन्हाळ्याच्या सुट्टीत चौदा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी नाट्यशिबिर घ्यायचं होतं. ताईंनी आणलेल्या कागदावर उद्दिष्ट छापलेलं होतं : 'कलेच्या माध्यमातून वंचित युवकांमध्ये आत्मविश्वास निर्माण करणे.' 'निर्माण करणे' वाचून मी फार सुखावलो. बँकेत मी कधी काही निर्माण केलं नव्हतं, फक्त जुळवलं होतं. ताईंचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी होकार दिला.

बायको आतून म्हणाली, "अहो, आधी विचारा तरी, मुलांना तो हवाय का ते."

व्यवहारी माणसांना कलेतलं कळत नाही, एवढंच मी ताईंना म्हणालो. ताईंनी चहा संपवला.

माझी तयारी कपड्यांपासून सुरू झाली. दोन झब्बे शिवले, शबनम घेतली, दाढी वाढू दिली. मग पुस्तकं. ठाण्यात रत्नाकर मतकरींनी समता विचार प्रसारक संस्थेबरोबर 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला, त्याबद्दल बरंच वाचलं. बालनाट्यासाठी हयात घालवलेल्या या लेखकाने उतारवयात वस्त्यांमधल्या मुलांना सांगितलं की, तुमचं नाटक तुम्हीच लिहा, तुम्हीच बसवा आणि तुम्हीच करा. वाचून मी भारावून गेलो आणि ताबडतोब कपाटातून माझं स्वतःचं नाटक काढलं. नाव 'प्रकाशाचे वारस'. पात्रं : अंधार, आशा, काळ आणि सूत्रधार. सूत्रधार सर्वांत जास्त बोलतो. ती भूमिका मी कोणासाठी लिहिली होती, हे सांगायला नको.

शिबिराची जागा बालवाडीची खोली. भिंतीवर अननसापासून ज्ञानेश्वरांपर्यंत मुळाक्षरं, कोपऱ्यात वीतभर खुर्च्या. मुलं जमिनीवर बसली. मी मान राखायचा म्हणून खुर्चीवर बसलो आणि नंतर उठताना ती माझ्याबरोबर उठली. हशा पिकला. मी मनात म्हटलं, बर्फ फुटला. खुर्चीही फुटली होती, ते बालवाडीच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं.

पुस्तकात लिहिलं होतं की, मुलांना आधी मोकळं करावं. मी आवाज खाली आणून म्हणालो, "मित्रांनो, आज प्रत्येकाने आपल्या मनातलं एक दुःख सांगायचं."

शांतता. मग एका उंच पोराने हात वर केला. "सर, कुठलं सांगू? बापाची दारू सांगू का पुरात घर गेलं ते सांगू?"

"म्हणजे?"

"मागच्या वर्षीच्या मॅडमना दारू आवडली होती. फोटोवाले आलेले ना, त्यांना पूर पाहिजे होता."

चौकशी केल्यावर कळलं की, ही मुलं शिबिरांच्या बाबतीत माझ्यापेक्षा फार मुरलेली होती. वारली चित्रांचं झालं होतं, छायाचित्रणाचं झालं होतं, मुखवट्यांचं झालं होतं. एका शिबिरात त्यांना रोज सकाळी आरशात बघून 'मी करू शकतो' म्हणायला लावलं होतं. छायाचित्रणाचे कॅमेरे शेवटच्या दिवशी परत गेले आणि वारलीच्या चित्रांची कॅलेंडरं छापली गेली. एका मुलीचं चित्र मार्च महिन्याला होतं. ते कॅलेंडर तिला मिळालं नाही, पण आई ज्यांच्याकडे भांडी घासते त्यांच्या स्वयंपाकघरात तिने ते पाहिलं. हे तिने कुठलीही तक्रार नसलेल्या स्वरात सांगितलं. मी वहीत 'आत्मविश्वास कमी' असं लिहायला घेतलं होतं, ते तसंच राहिलं.

आता तो प्रसिद्ध विश्वासाचा खेळ. एकाने डोळे मिटून, हात छातीशी घेऊन, पाय न हलवता मागे पडायचं. बाकीच्यांनी झेलायचं. जगभरच्या कार्यशाळांमध्ये तो खेळतात आणि पडणाऱ्याच्या मनातली भीती जाते म्हणतात. आधी मुलांना पाडणं बरं दिसलं नसतं, म्हणून मीच उभा राहिलो. मागे आठ जण अर्धवर्तुळात. त्यांच्याकडे पाठ करून मी एक छोटं भाषण केलं. माणसाने समाजावर भार टाकायला शिकलं पाहिजे, समाज त्याला झेलतोच, वगैरे. डोळे मिटले. मागे झुकलो.

त्याच क्षणी गल्लीतून आरोळी आली, "पाणी आलंऽऽ!"

पुढचं मला अर्थातच दिसलं नाही. ऐकू आलं. आठ जोड्या चपलांचा आवाज, मग हंडे आणि कॅन एकमेकांवर आपटल्याचा आवाज, आणि मग माझा.

छताकडे बघत मी पडून राहिलो. छताला कागदी मासे टांगले होते. बऱ्याच वेळाने तीच मार्च महिन्यातली मुलगी कमरेवर हंडा घेऊन दारात आली. "लागलं का सर? आम्हाला दिसलं तुम्ही पडताय ते. पण पाणी पाऊण तासच असतं."

तिच्या बोलण्यात बोट ठेवायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवसापासून शिबिराची वेळ नळावर ठरली. तीही पाळणं कठीण, कारण नळाची वेळ नळालाही ठाऊक नसायची. शिवाय लग्नसराई. उंच पोरगा आणि त्याचे दोन मित्र मंगल कार्यालयांत वाढप्याचं काम करायचे. मुहूर्ताच्या दिवशी ते गैरहजर, आणि दुसऱ्या दिवशी हजर असले तरी उभ्या उभ्या झोपलेले. मुलींना सात वाजता घरात असावं लागे. माझ्या पुस्तकांमध्ये श्वासाचे व्यायाम होते, नजरेचे होते, बोटांच्या टोकांचेही होते. नळ, लग्नसराई आणि सातचं घड्याळ यांवर एकही व्यायाम नव्हता.

कंबर शेकत मी पुन्हा वाचन धरलं. ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांच्या 'शोषितांच्या रंगभूमी'बद्दल पूर्वी फक्त नाव टाकण्यापुरतं माहीत होतं, आता नीट वाचलं. हा माणूस साओ पावलोच्या नाटकमंडळींना घेऊन ईशान्य ब्राझीलमधल्या गरीब शेतकऱ्यांपुढे प्रयोग करायचा. नाटकाच्या शेवटी नट बंदुका उंचावून गायचे की, जमीन सोडवण्यासाठी रक्त सांडू या. एकदा एक शेतकरी डोळ्यांत पाणी आणून त्यांना म्हणाला, "आमच्याच मनातलं बोललात. आधी जेवा, मग तुमच्या बंदुका घ्या, आमच्या जमिनी बळकावणाऱ्यावर चालून जाऊ." नटांना सांगावं लागलं की, बंदुका खोट्या आहेत. तो म्हणाला, हरकत नाही, आमच्याकडे खऱ्या आहेत, तुम्ही नुसते चला. तेव्हा त्यांना सांगावं लागलं की, आम्ही खरे आहोत, पण खरे नट आहोत. बोआल इतके ओशाळले की, लोकांना उपदेश पाजणारी नाटकं त्यांनी सोडली.

मी ही गोष्ट मुलांना रंगवून सांगितली. उंच पोरगा विचारात पडला. "सर, मग तुम्ही पण वॉर्ड ऑफिसला येणार नाही ना?"

मी म्हणालो, आपण उद्या अण्णा भाऊंविषयी बोलू.

तिथे मी सुरक्षित होतो असं मला वाटलं. समाजमंदिरात बाबासाहेबांच्या शेजारी अण्णा भाऊ साठ्यांचा फोटो होता. मी उभा राहून सुरुवात केली. जन्म १९२०, वाटेगाव, शाळेशी संबंध जेमतेम दीड दिवसाचा... तेवढ्यात मागून एक एरवी न बोलणारा पोरगा पुढचं सांगू लागला. १९४४ मध्ये अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक कसं निघालं, तमाशातल्या गणात गणपतीऐवजी मातृभूमी आणि कष्टकरी कसे आले, गवळण कशी गेली, सगळं. त्याच्या पणजोबांनी आंबेडकरी जलशात ढोलकी वाजवली होती. मग त्याने तिथलाच एक रिकामा कॅन ओढला आणि मांडीवर घेऊन वाजवला. माझी शबनम खांद्यावरून घसरली. शिबिराच्या नोंदवहीत ताईंनी या पोरासमोर 'लाजाळू, प्रोत्साहनाची गरज' असं लिहिलं होतं. त्याने मला दोन ठेके शिकवले. मला एकच आला, तोही तो कौतुकाने म्हणाला म्हणून आला म्हणायचा.

आता वेळ आली 'प्रकाशाचे वारस'ची. मी पहिलं पान वाचलं. मुलांनी शांतपणे ऐकलं. 'काळ' नावाच्या पात्राचं स्वगत संपल्यावर मार्च महिन्यातली मुलगी म्हणाली, "सर, हे तुम्हीच करा. एकट्याने छान होईल. आम्ही दुसरं करतो."

आणि माझ्यासमोरच त्यांनी दुसरं करायला घेतलं. तिने नाकावर चष्मा असल्यासारखं केलं, टेबलामागे बसली आणि पोटातून आवाज काढून म्हणाली, "हं, म्हणजे कसंय, फॉर्म अपूर्ण आहे." समोर उभ्या असलेल्या बाईकडे तिने एकदाही वर पाहिलं नाही. पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. खोली हसून लोळली. मीही हसलो. 'म्हणजे कसंय' हे माझं पालुपद आहे आणि टोपणाशी चाळा मीच करतो, हे ओळखायला मला बाकीच्यांपेक्षा जरा जास्त वेळ लागला. तिने आवाज माझा घेतला होता. काउंटरवरचा माणूस मात्र दुसरा होता म्हणे. "आईचं केवायसी करायला बँकेत तीनदा गेले. ते साहेब वर बघतच नाहीत." कोणती बँक, ते तिने सांगितलं. शाखाही सांगितली. मी कोणत्या शाखेतून निवृत्त झालो, हे विचारायचं तिला सुचलं नाही आणि मलाही सांगायचं सुचलं नाही.

नाटक पाण्यावरच बेतलं. एक गल्ली, एक नळ, रांग, रांगेतली भांडणं, एक साहेब, एक पुढारी. सगळ्या भूमिका त्यांनी वाटून घेतल्या. माझा चेहरा पडलेला पाहून मुलांनी आपसात सल्लामसलत केली आणि उंच पोराने जाहीर केलं, "काका, तुम्ही नळ." सरांचा काका नेमका कधी झाला, ते मला कळलं नाही.

नळाने मधोमध उभं राहायचं, उजवा हात पुढे वाकवून. संवाद एकच : "फुस्स." नाटकभर तीनदा. खलित्यापेक्षा ही भूमिका मोठी होती, शिवाय विंगेत विसरण्यासारखं काही नव्हतं. मी घरी सराव सुरू केला. बायको दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "दुसरा फुस्स जरा खरा वाटतोय."

माझ्याकडून नाटकाला मी एकच गोष्ट देऊ केली, तीही बोआल यांची. नाटक अडलं की प्रेक्षकाने थांबवायचं, स्टेजवर यायचं आणि आपला उपाय करून दाखवायचा. देशातून हद्दपार झाल्यावर १९७३ मध्ये पेरूत साक्षरतेचं काम करताना त्यांना हे गवसलं. फसवणाऱ्या नवऱ्याचं काय करावं यावर नाटक चाललं होतं, आणि प्रेक्षकांतल्या एका दणकट बाईंना नटांनी केलेला कुठलाच उपाय पसंत पडेना. शेवटी बोआल म्हणाले, तुम्हीच या. बाई आल्या, झाडूची काठी घेतली आणि नवऱ्याचं काम करणाऱ्या नटाला बडवून काढलं. बंगालमध्ये १९८५ साली सुरू झालेली 'जन संस्कृती' ही मंडळी गावोगाव असे प्रयोग करत आली आहेत. मुलांना कल्पना भलतीच आवडली. ती गोष्ट सांगताना नटाच्या बाजूने विचार करायचं मात्र माझ्याकडून राहून गेलं.

प्रयोग समाजमंदिरासमोरच्या मोकळ्या जागेत. उजेडासाठी दोन बल्ब आणि एका रिक्षाचा दिवा. गर्दी जोरदार, कारण त्या संध्याकाळी पाणी आलं नव्हतं. पहिला फुस्स झाला. टाळी पडली. मला इतक्या वर्षांत टाळी म्हणून पडलेली ती पहिलीच. दुसऱ्या फुस्सनंतर मुलीने ठरल्याप्रमाणे नाटक थांबवलं आणि लोकांना विचारलं, "आता काय करायचं? कोण येतं?"

पुरुष एकमेकांकडे बघू लागले. दोघा-तिघांनी जागेवरूनच सूचना केल्या. आणि मागून एक आजी उठल्या. नऊवारी खोचली, सरळ पुढे आल्या, साहेबाकडे गेल्या नाहीत, पुढाऱ्याकडे गेल्या नाहीत. माझ्यासमोर उभ्या राहिल्या, मला आपादमस्तक न्याहाळलं, माझा उजवा कान धरला आणि पिळला.

पूर्ण फेरा.

"आई गंऽऽ!" मी ओरडलो.

ढोलकीवाला, तो नोंदवहीतला लाजाळू, एका क्षणात म्हणाला, "बघा आजी, तुम्ही पिळला तेव्हा आवाज तरी आला! इतकी वर्षं साहेब अर्ज करा म्हणत होते." हशा काही थांबेना. आजी तेवढ्यावर थांबल्या नाहीत. कान धरूनच त्यांनी नळाला, म्हणजे मला, वर्षानुवर्षांचं ऐकवलं. रात्री दोनला उठवलंस, पोरीची शाळा बुडवलीस, सुनेशी भांडण लावलंस. हळूहळू हसणं ओसरलं, आणखी बायका उठल्या, रांग लागली. मी तिसरा फुस्स करायचाच विसरलो. कोणाच्या ते लक्षातही आलं नाही.

आता हिशेबाचा भाग. संस्थेच्या प्रश्नावलीत शिबिराआधी आणि नंतर मुलांनी स्वतःच्या आत्मविश्वासाला एक ते पाच गुण द्यायचे होते. आधी बहुतेकांनी पाच दिले होते. नंतर भरून घेतले, तर तीन. कोणी अडीच असंही लिहिलं होतं, तशी चौकट नसताना. माझ्या शिबिरामुळे मुलांचा आत्मविश्वास घटला, हे कागदोपत्री सिद्ध झालं. ताई कावऱ्याबावऱ्या झाल्या. देणगीदारांना काय दाखवायचं? उंच पोराने त्यांची समजूत घातली. "ताई, आधी पाच लिहिलं कारण पाच लिहिलं की पुढचा कॅम्प मिळतो. आता स्टेजवर गेल्यावर कळलं की पाय किती कापतात. तीन खरंय. तीन चांगलंय."

माझ्या मते, त्या कागदांवरचा तो एवढाच कामाचा निष्कर्ष होता, पण त्याला अहवालात रकाना नव्हता. कलेमुळे काय होतं ते मला थोडंफार दिसलं. ढोलकीवाला बोलला, पण बोलणं त्याच्यात आधीपासून होतं. ऐकायला माणसं एका जागी बसली, हे नवीन. व्हेनेझुएलात होसे आंतोनिओ आब्रेऊंनी १९७५ मध्ये मुलांच्या वाद्यवृंदाचा जो पसारा सुरू केला, त्यात मुलं शाळा सुटल्यावर वाद्य घेऊन बसतात ती वर्षानुवर्षं बसतात. त्या कामावर टीकाही पुष्कळ झाली, पण एक मात्र खरं की, वाद्य शेवटच्या दिवशी काढून घेऊन निरोप समारंभ करायची तिथली रीत नाही. आपल्याकडे उन्हाळा संपतो आणि कला संपते. वर प्रमाणपत्र देतो. मलाही दिलं, 'उत्कृष्ट मार्गदर्शक'. कोणत्या मार्गाचं, ते लिहिलेलं नाही.

नळाची वेळ बदलली नाही. कान आठवडाभर दुखला. मार्च महिन्यातली मुलगी मात्र पावसाळ्यात एकदा वॉर्ड ऑफिसात गेली आणि पाण्याचं वेळापत्रक लेखी मागून घेऊन आली. कसं जमवलंस, विचारलं तर म्हणाली, "काका, तुमचा आवाज काढला. पोटातून. 'हं, म्हणजे कसंय' म्हटल्यावर त्यांनी वर बघितलं." मी बरोबर गेलो होतो. बाहेर बाकावर बसलो होतो.

त्या मुलांना नवीन नाटक करायचंय, या वेळी बँकेवर. जागा नाही. बालवाडीच्या बाईंनी खुर्चीच्या प्रकरणानंतर किल्ली द्यायचं बंद केलं आणि समाजमंदिरात गेल्या निवडणुकीपासून कोणाचे तरी फ्लेक्स भरून ठेवले आहेत. आसपासच्या सोसायट्यांमधली क्लबहाऊसं वाढदिवस सोडले तर रिकामी असतात, हे मी फिरून पाहिलंय. तेव्हा तुमच्या सोसायटीत असा हॉल असेल तर रविवारी दुपारी तीन ते सहा द्या. एखाद्या रविवारी देऊन फोटो काढू नका, वर्षभर द्या. खुर्च्या नकोत. आत स्वच्छतागृह असेल आणि ते मुलींना वापरू द्याल, तर फारच बरं. किल्ली कोणाकडून घ्यायची तेवढं सांगा, मुलं वेळेवर येतील आणि झाडून जातील. मी शिकवायला येणार नाही, याची लेखी हमी देतो.